सातवं कलम आणि खालची खुंटी

म्युनिक,
रविवार, ता. ४ मार्च १९६२

तीर्थस्वरूप आत्माराममामांच्या चरणी श्यामकांताचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण ज्या घरात बसून हे पत्र लिहितो आहे तिथं आठही अंगं एका वेळी जमिनीला टेकवायची सोय नाही. फार तर पाच टेकतात. सहावं शेगडीला लागून भाजतं. (याचा खुलासा पुढे येईल. किंबहुना पुढे सगळे खुलासेच आहेत.) तुमचा दमा थंडीत कसा होता? मामींच्या गुडघ्यासाठी इथल्या एका मलमाची डबी घेऊन ठेवली होती. ती अजून मिरजेला का पोचली नाही हेही या पत्रात कळेल, आणि कळल्यावर मामींनी मला दोष देऊ नये. आईला मी खुशाल असल्याचं सांगावं. यापलीकडे या पत्रातलं तिला काहीही सांगू नये.

मामा, मी सध्या अतिशय संतापलेला आहे. हे तुम्हालाच लिहितो याचं कारण, लग्न तुम्ही जमवलंत. लग्नाच्या अकराव्या दिवशी मी बोटीत बसलो. आदल्या संध्याकाळी तुमच्याच ओसरीवर बसून माझे सासरे श्रीनाथराव वकील यांनी वसुधेला इकडे पाठवण्यासाठी दोन अटी घातल्या. तुम्ही तेव्हा सुपारी कातरत होतात आणि दोन्ही अटींना तुम्ही मान डोलावलीत, हे मी अजून विसरलेलो नाही. पहिली अट, स्वतःचा पत्ता असलेलं स्वतंत्र बिऱ्हाड हवं. दुसरी, मी दिवसभर प्रयोगशाळेत, मुलगी परक्या मुलखात एकटी, तेव्हा घरात कोणीतरी वडीलधारं माणूस हवं. दोन्ही जमलं तर वसुधा येईल, नाहीतर माझी डॉक्टरेट पुरी होईपर्यंत, म्हणजे आणखी तीन वर्षं, ती सांगलीलाच राहील. पहिली अट मी समजू शकतो. पण वडीलधारं माणूस मी म्युनिकमध्ये कुठून पैदा करणार होतो? इथं जुनं फर्निचर मिळतं, जुन्या सायकली मिळतात, जुनी माणसं दुकानात ठेवलेली मी तरी पाहिली नाहीत. वीस एप्रिलच्या बोटीचं तिकीट काढून ठेवलेलं आहे आणि या महिनाअखेर माझं उत्तर पाहून वकीलसाहेब निकाल देणार आहेत. (मी जावई आहे की आरोपी, हे त्यांच्या पत्रांवरून कळत नाही.)

घर शोधायला मी सात महिने पायपीट केली. माझ्या खोलीच्या मालकिणीला मी चालत होतो, माझी फोडणी चालत नव्हती, आणि बायको तर चालणारच नव्हती. लढाईत या शहराची निम्मी घरं पडली, ती अजून पुरती उभी राहिलेली नाहीत, त्यामुळे एका खोलीमागं वीस-वीस माणसं रांगेत. एका मालकाला मी पसंत होतो, वसुधेचा फोटोही पसंत पडला, पण आम्ही दोघं एकाच वेळी राहणार म्हटल्यावर त्याला गर्दी वाटली. दुसऱ्यानं माझ्याकडे नीट पाहून खोली आत्ताच गेली म्हणून सांगितलं आणि पाटी मात्र महिनाभर तशीच ठेवली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मामा, इथली गाढवंसुद्धा पाय पुढे करायला अनामत मागतात.

अशात न्युरेम्बर्गच्या दत्तात्रयानं (वाळव्याचा, तिथल्या एका कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर आहे) मला वर्तमानपत्रातली जाहिरात कापून पाठवली. नदीकाठच्या कॅम्पवर एक जुना व्होनवागेन विकाऊ होता. व्होनवागेन म्हणजे मोटारीच्या मागं जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली. जर्मन लोक उन्हाळ्यात ती घेऊन इटलीला जातात आणि तिथं तिच्यात बसून जर्मन जेवण जेवतात. पण या खोलीत एक माणूस बारमाही राहिलेला होता, आणि एक-दोन नाही, सलग अकरा वर्षं. हेर (म्हणजे आपलं श्रीयुत) क्लोजे त्याचं नाव, वय एकाहत्तर, रेल्वेतला निवृत्त केबिनमन. (तुमच्याच खात्यातला, म्हणून मी गाफील राहिलो. यात तुमचाही थोडा दोष येतो.) लढाईनंतर याचा सगळा मुलूखच पोलंडात गेला, तेव्हा नवरा-बायको दोन पेट्या घेऊन इकडे आली, पाच वर्षं निर्वासितांच्या बराकीत काढली आणि मग ही गाडी घेतली. आता मुलीला चौथ्या मजल्यावर लिफ्टचा नवा फ्लॅट मिळाला आणि तिनं बापाला हट्टानं नेलं. मी विचार केला, ज्यात एक माणूस अकरा वर्षं राहू शकला त्यात दोघांना तीन वर्षं काढायला काय हरकत आहे? हे गणित मी कागदावर मांडून पाहिलं होतं. गणितात चूक नव्हती.

गाडी बघायला माझ्याआधी सात जण येऊन गेले होते. ते बूट घालून आत शिरले, टेपनं मापं घेतली आणि नाकं मुरडून गेले. मी दारात बूट काढले. एवढ्यावर म्हाताऱ्यानं मला गाडी द्यायचं ठरवलं, हे मला नंतर कळलं. आधी कळतं तर बुटासकट शिरलो असतो. कॉफी झाली, व्यवहार ठरला. वडील माणूस, घर सोडून चाललेला, म्हणून मी सवयीनं पाया पडायला वाकलो. माझं काहीतरी खाली पडलं असं वाटून तोही वाकून टेबलाखाली शोधायला लागला. आणि मग, मामा, मी जन्माची चूक केली. निरोप घेताना मी आपला मिरजेच्या रीतीप्रमाणं म्हणालो की हे घर तुमचंच आहे, केव्हाही येत जा.

आपल्याकडे हे वाक्य म्हणणारा ते मनावर घेत नाही आणि ऐकणाराही घेत नाही, म्हणून तर आपलं आदरातिथ्य पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. ऐकणारा "येऊ की" म्हणतो आणि पुढच्या लग्नापर्यंत भेटत नाही. हा म्हातारा मात्र दारातून परत फिरला. खाली बसला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाला, "आल्झो (म्हणजे तर मग). केव्हाही म्हणजे कोणत्या वेळी?" आता शब्द मागे घेणं शोभलं नसतं, म्हणून मी म्हणालो, चोवीस तासांत केव्हाही. त्यानं विचारलं, रविवारीसुद्धा? मी म्हणालो, रविवारी तर जेवायलाच या. (माझ्या तोंडून ही आई बोलत होती.) त्यानं मान हलवली, टाइपरायटर पुढे ओढला आणि खरेदीचा करार पुन्हा पहिल्यापासून टंकला. चौदा कलमांचा झाला. वडील माणसानं लिहिलेला कागद त्याच्यासमोर वाचून पाहणं मला बरं दिसेना, म्हणून मी न वाचता सही केली. सातवं कलम असं आहे: खरेदीदार जाहीर करतो की सदर घर विक्रेत्याचेच आहे व विक्रेत्याने तेथे कोणत्याही दिवशी व वेळी यावे, रविवारी भोजन समाविष्ट. आठव्या कलमान्वये दुसरी किल्ली त्याच्याकडे. नववं कलम असं की दाराजवळच्या दोन खुंट्यांपैकी खालची मोकळी ठेवावी. मी जे विकत घेतलं ते त्याचंच असल्याचं मी सही करून कबूल केलेलं आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. मी तर शाईनं दाखवलं.

ऑक्टोबरपासून रोज सकाळी ठीक सातला माझ्या दारात किल्ली फिरते. म्हातारा ट्रामनं दोन स्टॉप येतो, बूट काढतो, कोट वरच्या खुंटीवर टांगतो, भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देतो (घड्याळ माझं आहे, कलम दोन), खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालतो (कुंड्याही माझ्या) आणि मग मी अंथरुणात असलो तर माझ्याकडे अशा नजरेनं पाहतो की गाडी सिग्नलला उगीच थांबली आहे. मग कॉफी. मग मी प्रयोगशाळेला जातो आणि तो मागं राहतो. संध्याकाळी परत यावं तर काहीतरी बदललेलं असतं, म्हणजे मी बदललेलं पुन्हा होतं तसं झालेलं असतं. मी डबे खिडकीकडे ठेवले, ते दाराकडे गेले. मी टेबल फिरवलं, ते परत फिरलं. एकदा मी खालच्या खुंटीवर ओला मफलर टांगला. त्यानं तो काढला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि त्या दिवशी कॉफी न पिता निघून गेला. मी विचारतो, खुंटी ही काय मोकळी ठेवायची वस्तू आहे? पण नववं कलम. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी ही म्हण तुम्हाला ठाऊक आहेच. इथं भट मी, ओसरी रोख देऊन घेतलेली, आणि हातपाय पसरायला जागा नाही.

जुनी वस्तू घेतली की तिच्यात जुन्या मालकाची सवय येते, हे मी सायकलीच्या बाबतीत मानायला तयार आहे. पण हे घर म्हणजे नुसती सवयच आहे. जमिनीवर शेगडीपासून खिडकीपर्यंत पायवाट झिजलेली आहे. तिच्यावरून चाललो नाही तर डोकं फळीला आपटतं. गादीत त्याच्या देहाचा खळगा पडलेला आहे. तो उजव्या कुशीवर झोपणारा, मी डाव्या. सहा आठवडे मी झगडलो आणि आता मीच उजव्या कुशीवर झोपतो. शेगडीचं तर बोलायलाच नको. उष्णता एका जागेतून दुसऱ्या जागी कशी जाते या विषयावर मी इथल्या तांत्रिक विद्यापीठात संशोधन करतो आहे हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही गावभर सांगितलेलंही आहे. माझ्या हातून त्या शेगडीतली उष्णता कुठेच जात नसे. फक्त धूर जाई, तोही आत. म्हातारा वर्तमानपत्राचं एक पान, तीन काटक्या आणि कोळशाची एक वीट घेतो, दार डाव्या हातानं उघडतो (कलम पाच) आणि पाच मिनिटांत खोली उबदार. माझ्या प्रोफेसरांनी जानेवारीत माझ्या ज्या आलेखाचं कौतुक केलं तो मी या शेगडीवरच काढलेला आहे, पण ते इथं अप्रस्तुत आहे.

रविवारचं जेवण तर मलाच भोवलं. पहिल्या रविवारी त्यानं आमटीचा वास घेऊन वाटी हळूच लांब सारली. मला बरं वाटलं. वाटलं, या कलमातून तरी सुटलो. दुसऱ्या रविवारी त्यानं पावाचा तुकडा बुडवून पाहिला. नाताळपर्यंत तो दोन वाट्या ओरपायला लागला, आणि परवा मला सांगतो की आज तिखट कमी पडलं. आईनं दिवाळीत वर्षासाठी पाठवलेला काळा मसाला फेब्रुवारीतच तळाला गेला आहे. आणि मलम. ट्रामच्या पायऱ्यांमुळं त्याचा गुडघा धरतो. एकदा त्यानं डबी उघडून वास घेतला, लावून पाहिलं, आणि मामींची डबी आता त्याच्या कोटाच्या खिशात असते. तोंड उघडून नाही म्हणायला गेलो की सातवं कलम डोळ्यांपुढे येतं.

शेवटी दत्तात्रयच म्हणाला की चाकांच्या घराचा फायदा एकच असतो, तो घे. उचल आणि दुसऱ्या कॅम्पवर ने. बेत असा की रविवारी म्हातारा चर्चला गेला की तेवढ्या वेळात पसार व्हायचं. मागच्या महिन्यात बर्फ वितळल्यावर दत्तात्रय एका मित्राची फोक्सवागेन मागून घेऊन आला. आम्ही चाकांत हवा भरली, गाडी जोडली. ओढल्यावर कळलं की घराला चाकं आहेत ती नावापुरती. म्हाताऱ्यानं गाडीला लाकडी पडवी ठोकलेली, पडवीला कुंपण, कुंपणाला टपालपेटी. आम्ही जोर लावला तशी पडवी करकरली, टपालपेटी चालू लागली, आणि तेवढ्यात म्हातारा आला. त्या दिवशी धर्मगुरूंना पडसं झालं होतं, प्रवचन लवकर संपलं. मला वाटलं आता पोलीस. पण त्यानं खिशातून रेल्वेची जुनी शिट्टी काढली, गाडीपुढे जाऊन उभा राहिला आणि हातानं इशारे देत शिट्टीवर आम्हाला पुढे घ्यायला लागला. आपल्यापासून पळून जाणाऱ्या गाडीला सिग्नल देणारा केबिनमन तुम्ही तुमच्या नोकरीत पाहिला आहे का? दीड फूट गेल्यावर त्यानं थांबवलं आणि आम्हा दोघांचे हात हातात घेतले. त्याचा समज असा झाला की नवी सून येणार म्हणून मी खिडकी उन्हाकडे वळवून घेतो आहे. अकरा वर्षं त्याच्या मनात तेच होतं म्हणे, जमलं नव्हतं. त्या दीड फुटामुळं दार लागेनासं झालं. पुढचे चार दिवस जॅक घेऊन तो गाडीखाली झोपून होता, आणि वरून मीच त्याला हत्यारं देत होतो.

आणि परवा कळस झाला. वसुधेच्या व्हिसासाठी माझा नोंदलेला पत्ता लागतो. नोंदणी कचेरीतला माणूस म्हणाला, चाकं असलेली वस्तू हा पत्ता होऊ शकत नाही. म्हातारा माझ्याबरोबर आला होता (मी बोलावलं नव्हतं), पितळी बटणांचा रेल्वेचा कोट घालून. त्यानं अकरा वर्षांच्या नोंदणीच्या पावत्या त्या माणसापुढे एक-एक करून मांडल्या आणि विचारलं, "मग एवढी वर्षं मी कुठे राहत होतो?" त्या माणसानं पावत्या उलटून-पालटून पाहिल्या. दोन तासांनी त्यानं शिक्का मारला. पत्ता मिळाला, मामा. पण कागद बाहेर येऊन वाचला तर म्हाताऱ्यानं आपलं नाव तिथून काढलेलंच नव्हतं. घरातला मुख्य माणूस म्हणून हेर क्लोजे आणि त्याच्या खाली मी, उंटरमीटर. उंटरमीटर म्हणजे पोटभाडेकरू. मी विकत घेतलेल्या घरात मी सरकारी शिक्क्यानिशी पोटभाडेकरू आहे! त्या संध्याकाळी मी कॅम्पच्या मॅनेजरीणबाईंना स्पष्ट सांगितलं की या म्हाताऱ्यानं मला जगणं नको केलं आहे. बाईंनी सहानुभूती दाखवली. आज रविवार, आणि ऑक्टोबरपासून पहिल्यांदाच तो जेवायला आला नाही. आमटी दोघांची केली होती, उरली.

तेव्हा माझी विनंती अशी. वकीलसाहेबांना मी नोव्हेंबरात लिहिलं होतं की स्वतंत्र घर घेतलं आहे, चहूबाजूंनी मोकळी जागा, नदीचा शेजार, वर-खाली बिऱ्हाड नाही. यातला शब्दन्‌शब्द खरा आहे; फक्त चाकं राहिली. तुम्ही त्यांना गाठून, माझं नाव न घेता, एका मित्राची हकिकत म्हणून विचारावं की सभ्यतेपोटी बोललेलं वाक्य कराराचं कलम होऊन बसलं तर त्यातून सुटका कशी करून घ्यायची. उत्तर महिन्याच्या आत यावं. माझी बायको मला अकरा दिवस ओळखते. ती एवढ्या समुद्रापलीकडून येणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिच्या दारात एक परका म्हातारा किल्ली फिरवणार, हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगू? याचा विचार व्हावा. सर्वांना यथायोग्य.

तुमचा भाचा (आणि हेर क्लोजे यांचा पोटभाडेकरू),
श्यामकांत

ता. क. गुरुवार, ता. ८. पत्र टाकायचं राहून गेलं. सोमवारी सात वाजता मी जागा होतो. दोघांच्या कॉफीचं पाणी ठेवलं. कोणी आलं नाही. म्हटलं, सुटलो. मंगळवारी घड्याळ बंद पडलं. त्याला किती पीळ द्यायचे हे कलमांत कुठे लिहिलेलं नाही. काल सकाळी मी प्रयोगशाळा बुडवून त्यांच्या मुलीकडे गेलो, केवळ घड्याळाचं विचारायला. चौथ्या मजल्यावर फार ऊब आहे, शेगडी कुठे दिसत नाही. हेर क्लोजे अंगात कोट आणि मांडीवर टोपी घेऊन खिडकीशी बसले होते. खिडकीतून समोरची भिंत दिसते. मुलगी फार ओशाळून बोलत होती. मॅनेजरीणबाईंनी तिला सगळं सांगितलं होतं आणि तिनं बापाकडून किल्ली काढून घेतली होती. ते उठले आणि एक टंकलेला कागद माझ्या हातात दिला. सातवं कलम रद्द, आठवं रद्द, खाली त्यांची सही, तारीख, माझ्या सहीला जागा. म्हणाले, फक्त नववं कलम राहू द्यावं, जमल्यास. मी विचारलं, त्या खुंटीचं काय आहे? मुलगी म्हणाली, आईचा कोट तिथं असायचा, तीन वर्षांपूर्वीपर्यंत.

मामा, मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि लाज वाटली की मी भडकतो हे तुम्हाला माहीत आहे. मी आवाज चढवून म्हणालो की करार दोघांनी केला आहे; कलम एकट्यानं खोडता येत नाही, दुसऱ्याची सही लागते, आणि मी सही करणार नाही. त्यांनी खिशातून करार काढला, चष्मा लावला, चौदावं कलम दोनदा वाचलं. मग म्हणाले, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. आणि मुलीपुढे किल्लीसाठी हात केला. आम्ही ट्रामनं आलो. घड्याळाला साडेसहा पीळ लागतात.

ता. क. दुसरा. तेव्हा वर जे वकीलसाहेबांना विचारायला सांगितलं आहे ते विचारू नये. (सगळं पुन्हा लिहायला कागद नाही, म्हणून फाडत नाही.) त्याऐवजी असं सांगावं की दोन्ही अटी पुऱ्या झाल्या. पत्ता शिक्क्यासह सोबत आहे. घरात वडीलधारं माणूस आहे. वय एकाहत्तर, सरकारी नोकरीतून निवृत्त, निर्व्यसनी (बिअर इथं पाण्यात मोडते), पहाटे पाचला उठणारं. वसुधा दिवसभर एकटी राहणार नाही, याची मी हमी देतो. क्षणभरही राहणार नाही. कशात ढवळाढवळ करत नाहीत असं मात्र सांगू नये, वकीलसाहेब खोटी साक्ष लगेच ओळखतात. चाकांचा विषय त्यांनी आपण होऊन काढला तरच काढावा. वसुधेबरोबर काळा मसाला दुप्पट पाठवावा. मामींना सांगावं की मलमाचा गुण येतो, खात्री झाली आहे. नवी डबी पाठवतो. मिरजेला मीटर गेज आणि नॅरो गेज एकाच स्टेशनात आहेत हे मी सांगितल्यापासून हेर क्लोजे यांची झोप उडाली आहे. सिग्नल कसे सांभाळता ते तुम्ही आकृती काढून कळवावं.

ता. क. तिसरा. मुख्य गोष्ट राहिली, आणि खरं म्हणजे हे पत्र आता तिच्यासाठीच टाकतो आहे. आज सकाळी कॉफी पिताना हेर क्लोजे यांनी विचारलं की वसुधेची उंची किती. मला सांगता येईना. खांद्याच्या वर, कानाच्या खाली, एवढंच आठवलं, त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कप घेऊन दुसरीकडे तोंड फिरवलं. ते म्हणाले, खालची खुंटी त्यांच्या बायकोच्या हाताला येईल अशी ठोकलेली आहे. सुनेच्या हाताला तीच येत असेल तर उत्तम, नसेल तर ती यायच्या आत वर-खाली करायला हवी. तेव्हा तुम्ही स्वतः सांगलीला जाऊन वसुधेला भिंतीशी उभी करून नीट मापून घ्यावं, आणि उंची फूट-इंचांत न कळवता सेंटिमीटरमध्ये कळवावी, कारण ते अर्ध्या इंचाचीही गय करत नाहीत.